टेकोडेमाय

टेकोडेमाय पावसाळ्यात घरातल्या सगळ्यांच्या आधी जेवायची. आमच्या भागात बाई सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेलं खाते; तिच्याकडं श्रावण-भादव्यात हे उलटं चालायचं. सकाळी टेकोड्यांची भाजी चुलीवरून उतरली की ती एकटीच पाटावर बसायची, ज्वारीच्या भाकरीसोबत वाटीभर खायची आणि पातेलं झाकून उंच फळीवर ठेवून द्यायची. बाकीच्यांना ती भाजी दिवस मावळताना मिळायची. मधल्या वेळात ती शेण काढायची, पाणी भरायची, कुणाच्या तरी सोयाबीनमध्ये निंदायला जायची आणि अधूनमधून उभी राहून पोटावर हात ठेवायची. संध्याकाळी पातेलं खाली काढायची. "मले काई झालं नाई. या आता जेवाले."

टेकोडे म्हणजे पावसात उधईच्या, म्हणजे वाळवीच्या, वारुळावर उगवणारी रानातली अळिंबी. कुणी सात्या म्हणतात, कुणी भूछत्र. ते गोळा करून बाजारात विकणाऱ्या बायका आमच्याकडं पुष्कळ होत्या, पण ‘टेकोडेमाय’ हे नाव तिलाच पडलं होतं. खरं नाव शेवंताबाई. ते मला पासपोर्टचा अर्ज भरताना कळलं, आणि कचेरीत ते नाव दोनदा पुकारलं तरी ती जागची हलली नव्हती. शेवटी तिचा मुलगा गजानन म्हणाला, "माय, तुयं नाव घेऊन राह्यले ते." तेव्हा ती उठली.

मी मूळची वाशिमकडच्या रिठद गावची. इंग्रजी घेऊन एम.ए. केलं, तेव्हा बाबांना वाटलं पोरगी कॉलेजात शिकवणार. मी झाले दुभाषी. एका संस्थेनं आपल्याकडच्या आणि आफ्रिकेतल्या झांबियाच्या, रानातली अळिंबी गोळा करणाऱ्या बायकांना एकमेकींशी जोडून देण्याचं काम काढलं होतं. वारुळावरची अळिंबी तिकडंही होते, तिकडंही बायकाच ती आणतात आणि सडकेच्या कडेला मांडून बसतात. ओळखायची कशी, सुकवायची कशी, वारूळ राखायचं कसं, हे दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींना शिकवायचं होतं. मला वाशिम जिल्ह्यातली जाणती बाई शोधायला सांगितलं होतं. ज्याला विचारावं तो एकच नाव सांगायचा. किन्हीराजा गावाच्या अंगाला, सडक सोडून आत, वीस-पंचवीस घरांच्या एका वस्तीत ती राहायची.

पहिल्या दिवशी मी वही उघडून तिच्यासमोर बसले. तिनं वहीकडं पाहिलं, मग माझ्या पायातल्या चपलेकडं.

"लिवू नको," ती म्हणाली. "आधी पाह्य. आन चप्पल बदल, तठी काटा हाये."

तिनं मला रानात नेलं आणि पहिल्यांदा दाखवली ती बाभळीखालची पांढरीशुभ्र छत्री. फार सुंदर होती. मी हात पुढं केला, तर तिनं काठी आडवी घातली. "हे मारते." मग दुसरी दाखवली, पिवळट. "हेबी." त्या दिवशी आम्ही तीन तास हिंडलो आणि खाण्यासारखं एकही टेकोडं तिनं मला दाखवलं नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "चांगलं कोनीबी वळखते. वाईट आधी डोयात बसलं पाह्यजे." शाळेतल्या पोरी तिच्यामागं यायच्या, त्यांनाही हाच क्रम. चांदी काळी पडते का बघा, लसूण टाकून बघा, असलं कुणी बोललं तर ती चिडायची. "काई होत नाई त्यानं. एक तर वळख असते, नाई त नसते. वळख नसली त वरणभात खा."

बाकीच्या बायका आपल्या जागा कुणाला कळू द्यायच्या नाहीत. पहाटे तोंड झाकून जायच्या, परतताना वाट बदलायच्या. ही मात्र येईल त्याला बरडावर घेऊन जायची. बरड म्हणजे वस्तीच्या वरच्या अंगाला असलेली मुरमाड टेकडी, ई-क्लासची, सरकारी चराईची जमीन. तिथं लहानमोठी बरीच वारुळं होती आणि तिनं त्यांना नावं ठेवली होती. एक थोरली. एक लंगडी, कारण बैलाच्या धक्क्यानं तिची एक बाजू बसली होती. दोन वारुळं एकमेकींकडं पाठ करून उभी होती, त्यांचं नाव जावा-जावा. वारुळाशी जाताना ती काठी आपटायची, साप असला तर त्याला निघून जायला वेळ द्यायची, आणि मग वाकायची. टेकोडं मुळासकट उपटायची नाही, हलकं फिरवून घ्यायची. छत्री पूर्ण उघडलेली असली तर हात लावायची नाही. "हे म्हातारं झालं. याले राहू दे, हे पेरते."

झांबियाची मुलेंगा आली ती त्याच श्रावणात. चाळिशीची उंच बाई, डोक्याला रंगीत फडकं बांधलेलं, बोलायला मोकळी. नववीपर्यंत शिकलेली होती आणि साधं सरळ इंग्रजी बोलायची. मी नाव सांगितलं तशी टेकोडेमाय गोंधळली. "मुलगा? बाई हाये ना हे? मुलगा काहून म्हनता तिले?" मी मुलेंगाला इंग्रजीत अर्थ सांगितला. ती इतकी हसली की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. तेव्हापासून ती आमची मुलगाबाई झाली.

त्या दिवशी पाहुण्यांसाठी ताटं मांडली होती. भाजीचा वास सगळ्या घरात भरला होता. टेकोडेमायनं आपल्या ताटात वाढून घेतलं, खाल्लं आणि पातेलं फळीवर ठेवलं. संस्थेचे साहेब माझ्याकडं बघायला लागले. मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "माय, पाहुने हायेत."

"म्हनूनच त."

साहेब म्हणाले, एका दिवसात तसंही काही कळत नाही, काही विषारी जातींचा त्रास दोन दिवसांनी सुरू होतो. मी ते तिला सांगितलं. ती विचारात पडली आणि अगदी मनापासून म्हणाली, "मंग परवा या म्हना त्याईले."

साहेब गाडीत जाऊन बसले. मुलेंगा मात्र चुलीपुढं मांडी घालून बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. दोघींनी मिळून उरलेली टेकोडी पळसाच्या पानानं पुसली. मुलेंगाला डब्यात शेंगदाण्याचा कूट दिसला, तशी तिनं दोन्ही हातांनी उखळात कांडल्यासारखं करून दाखवलं आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. त्यांच्याकडंही या भाजीत शेंगदाण्याचा कूटच घालतात. टेकोडेमायनं माझ्याकडं न बघताच मान हलवली. त्या दिवशी दुपारभर मला फारसं काम पडलं नाही. फक्त एकदा मुलेंगानं मोबाइलमधला फोटो दाखवला, एका माणसानं परातीएवढी अळिंबी डोक्यावर धरली होती. टेकोडेमायनं तो निरखून पाहिला आणि मला म्हणाली, "फोटो वाढोवला हाये. तिले सांगू नको, वाईट वाटन."

पुढच्या जानेवारीत आम्ही तिकडं गेलो. त्यांचा पावसाळा आपल्या दिवाळीच्या आसपास सुरू होतो, त्यामुळं जानेवारीत तिकडं सगळं हिरवंगार होतं. टेकोडेमाय एरवी त्या दिवसांत वीटभट्टीवर असायची. दर साल दिवाळी झाली की वस्तीतली अर्धी घरं कुलूप लावून भट्ट्यांवर जायची, तिचंही जायचं. त्या वर्षी मुलगाबाईकडं जायचं म्हणून ती गेली नाही आणि गजानन एकटाच जवळच्या सडकेच्या कामावर टिप्पर चालवायला लागला.

तिकडचं पहिलं वारूळ तिनं पाहिलं ते मी विसरणार नाही. आपल्या दोन घरांएवढं उंच, वर झाडं उगवलेली. तिनं पदर डोक्यावर घेतला, काठी आपटायची विसरली आणि नुसती उभी राहिली. "बाप्पा," ती हळूच म्हणाली. "हे कोन राखते?"

मुलेंगा म्हणाली, "कुणी राखत नाही. आमच्या गावात कुणी तोडत नाही, एवढंच."

आणि परातीएवढी अळिंबी खरोखर होती. मुलेंगानं ती तिच्या हातात दिली. टेकोडेमायनं ती दोन्ही हातांवर तान्ह्या लेकरासारखी आडवी घेतली, वास घेतला आणि कितीतरी वेळ परत दिलीच नाही.

त्याच संध्याकाळी मुलेंगाच्या अंगणात मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा आणि ती भाजी अशी ताटं आली. टेकोडेमायनं सवयीप्रमाणं आधी आपल्यापुढं ओढलं आणि बाकीच्यांना हातानं थांबवलं. मुलेंगानं विचारलं, "ही असं का करते? माझ्यावर तिचा विश्वास नाही का?"

मी ते विचारलं. टेकोडेमायनं ताटातला हात काढून घेतला. मग मला म्हणाली, "मले तिले सांगाचं हाये. तू नुस्ती सांग. ऐकू नको."

दुभाष्याला असं कुणी सांगितल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मी मान खाली घातली आणि ती जे बोलत गेली ते तसंच्या तसं इंग्रजीत बोलत गेले.

तिला गजाननच्या आधी एक मुलगी होती. सात वर्षांची. टेकोडी शोधण्यात तिची नजर आईपेक्षा तेज होती. एका भादव्यात आई निंदायला गेली होती, तेव्हा पोरीनं रानातून स्वतः टेकोडी आणली. आई दमून येईल, तिला आयती भाजी मिळेल, म्हणून तिनं ती चुलीत भाजली आणि चांगली लागते का ते बघायला आधी स्वतः खाल्ली. आई घरी आली तेव्हा तिचा वाटा ताटलीत झाकून ठेवलेला होता. आईनं तो बघितला आणि ओळखला. पोर तेव्हा हसत होती, खेळत होती, तिला काहीच झालेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. बैलगाडीनं, मग जीपनं, वाशिमच्या दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी गेली.

"मी तिले चांगलेच दाखोवले होते," टेकोडेमाय म्हणाली. "वाईट कवा दाखोवलेच नाई. लहान हाये, भेईन, म्हनून."

ते वाक्य मी अर्ध्यावरच सोडलं. मुलेंगानं माझ्याकडं पाहिलं आणि वाट पाहिली. मी ते वाक्य पूर्ण केलं. मग मुलेंगा उठली, टेकोडेमायच्या ताटाशी, तिच्या समोर जाऊन बसली, एक घास तिच्या तोंडाशी धरला आणि दुसरा स्वतःच्या. दोघींनी तो एकाच वेळी खाल्ला. कुणी कुणाच्या आधी नाही. नंतर तिनं विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

"यमुना," टेकोडेमाय म्हणाली. हे सांगायला माझी गरज पडली नाही.

आमच्या मुक्कामाचे शेवटचे आठ दिवस राहिले होते, तेव्हा मला वाशिमहून संस्थेच्या एका कार्यकर्त्याचा फोन आला. बरडावर जेसीबी लागला होता. सडकेच्या भरावासाठी मुरूम पाहिजे होता आणि ठेकेदाराला तिथून काढायची परवानगी मिळाली होती. तो म्हणाला, "काही उरलं नाही. मोठं वारूळ तर पहिल्याच दिवशी गेलं." आणि थोडं थांबून म्हणाला, "टिप्परवर त्यांचा गजाननही आहे."

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, आता इथून काय करणार, परत गेल्यावर बघू, तिला आत्ता नका सांगू. मी स्वतःला समजावलं की तिचे उरलेले दिवस सुखात जाऊ देत. खरं कारण वेगळं होतं. मला ते तिला वऱ्हाडीत कसं सांगायचं ते सुचत नव्हतं, आणि चार दिवसांवर मुलेंगाच्या गावात बायकांची सभा होती.

सभेला पंचक्रोशीतल्या बायका आल्या होत्या, काही पुरुषही. एक जण उठून म्हणाला, वारुळाची माती विटांना फार चांगली, आमच्या बाजूला लोक तीच वापरतात, मग का नको? टेकोडेमायला मी अर्थ सांगितला. ती उभी राहिली. एरवी चार माणसांत बोलायला लाजायची, त्या दिवशी नाही लाजली.

"ईटा मीबी थापल्या," ती म्हणाली. "सारी जिंदगी तेच केलं. ईटेले माती कुठचीबी चालते बाप्पा. पन उधईचं घर एकडाव मोडलं का मंग ते येत नाई. आमच्याकडं बरड हाये, तठी आमी वारुळाले हात लावू देत नाई. तुमी या, मी दाखोवतो."

आमच्याकडं बायकाही ‘दाखोवतो’ म्हणतात. मी ते इंग्रजीत केलं, तिथल्या एका बाईनं ते त्यांच्या भाषेत केलं, आणि सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. टेकोडेमाय बसली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

आम्ही परत आलो तेव्हा दुपार होती. मी गाडीत सांगायचं ठरवलं होतं. कारंजा गेलं, किन्हीराजा आलं, माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. पिशवी ओट्यावर टाकून ती पाणीही न पिता बरडाकडं निघाली. मी मागं.

टेकडीच्या जागी खड्डा होता. कडेला जेसीबीच्या दातांचे ओरखडे, तळाला टायरच्या चाकोऱ्या. ती खाली उतरली. त्या सपाट तळावरून चालत चालत एकेका ठिकाणी थांबायला लागली. "अठी थोरली," ती म्हणाली. थोडं पुढं जाऊन, "लंगडी अठी." मग दोन पावलं इकडं, दोन तिकडं. जावा-जावांची जागा तिला सापडेना. कडाच राहिली नव्हती, अंदाज कशावरून घेणार?

बऱ्याच वेळानं ती माझ्याकडं वळली. "तुले माहीत होतं?"

"हाव."

"कवापासून?"

"सभेच्या चार दिवस आधीपासून."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली, आणि म्हणाली, "सांगाचं होतं वो सुजाता. मी तठी तसं बोलली नसती."

गजाननबद्दल तिला वस्तीतून कळलंच. त्या दिवशी तो ओट्याच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसून होता. तिनं त्याला काही विचारलं नाही. दोघं मायलेक त्यावर कधीच बोलले नाहीत. मला मात्र एकदा ती म्हणाली, "त्यानं नाई नेलं असतं त दुसऱ्यानं नेलं असतं. त्याच्या लेकरायच्या पोटाले लागते." तिनं हे इतक्या पटकन म्हटलं की मला कळलं, ती हे स्वतःला रोज सांगत असणार.

संस्थेनं अर्ज केला. उत्तर आलं की सगळं रीतसर आहे. त्यानंतर आमचं काम दुसऱ्या तालुक्यात हलवलं गेलं.

पुढच्या श्रावणात मुलेंगाचा व्हिडिओ कॉल आला. मी मुद्दाम वस्तीवर गेले होते, कारण मुलेंगानं आधीच विचारून वेळ ठरवली होती. तिचा चेहरा मोबाइलवर उमटला, मागं दोन-तीन बायका डोकावत होत्या. "आली का?" तिनं विचारलं. "या वर्षी किती आली?"

मी टेकोडेमायकडं पाहिलं. ती मोबाइलच्या काचेकडं बघत होती.

"आले," ती म्हणाली. "लय आले औंदा. जावा-जावावर त टोपलंभर." तिनं माझ्या दंडाला हात लावला. "सांग ना तिले."

मी सांगितलं. दुभाष्यानं आपलं काही मिसळू नये असा नियम असतो, तो मी पाळला. मुलेंगा हसली, मागच्या बायकांना तिनं त्यांच्या भाषेत सांगितलं, त्याही हसल्या. फोन ठेवल्यावर टेकोडेमाय म्हणाली, "एवढ्या टाळ्या वाजोवल्या होत्या त्याईनं. कसं सांगू?"

असे दोन श्रावण गेले. तिसऱ्याच्या आधी गजाननला पुण्याच्या बाजूला एका बांधकामावर काम लागलं आणि तो बायकोलेकरांसोबत तिलाही घेऊन गेला. त्या श्रावणात मी दुसऱ्या कामानं पुण्याला गेले तेव्हा पत्ता शोधत गेले. अर्धवट उभ्या इमारतीच्या पायथ्याशी पत्र्याची खोली होती. सुनेनं दुकानातून डबीतली बटन मशरूम आणली होती. माझ्यासाठी म्हणूनच आणली असतील. टेकोडेमायनं एक उचलून नाकाशी नेलं. "याले वासच नाई," ती म्हणाली. तरी भाजी झाल्यावर आधी तिनंच खाल्ली आणि पातेलं झाकलं. सून हसली, "दुकानातलं हाये आत्याबाई." तिनं ऐकलं नाही. मला गाडी गाठायची होती, म्हणून मी भाजी न खाताच निघाले. याचं मला अजून वाईट वाटतं.

त्याच दुपारी मुलेंगाचा कॉल आला होता. टेकोडेमाय म्हणाली, "भिंत दिसू देऊ नको." आम्ही कुंपणाशी असलेल्या कडुनिंबाच्या रोपट्याजवळ जाऊन बसलो, मागं फक्त पानं दिसतील अशी. "थोरलीवर औंदा उशिरा आले," तिनं सांगितलं. "पन आले." ती आता तपशील घालायला लागली होती. कुठल्या बाजूला आले, मुळं किती लांब होती, कुणाकुणाच्या घरी दिले. हे सगळं बोलताना तिचा आवाज असा व्हायचा की मीही क्षणभर ती टेकडी बघायची.

पुढच्या उन्हाळ्यात तिला धाप लागायला लागली. पाय सुजले. दवाखाने झाले. "मले घरी न्या," हे तिनं इतक्या वेळा म्हटलं की गजाननानं आषाढात तिला वस्तीवर आणलं. मी भेटायला गेले तेव्हा ती खाटेवर उशीला टेकून बसली होती, हात काडीसारखे झालेले. मी जवळ बसले. तिनं विचारलं, "मुलगाबाईच्या अंगनात तुले म्हटलं होतं ऐकू नको. तू ऐकलं होतं ना?"

"हाव, माय."

"बरं केलं," ती म्हणाली. "कोनाले त माहीत असलं पाह्यजे."

दोन दिवसांनी ती गेली.

तेरवीला मी वस्तीवर होते. पंगत उठली होती, बायका भांडी घासत होत्या. श्रावण लागला होता आणि मुलेंगाला कुणी कळवलं नव्हतं. ते काम माझं होतं आणि मी ते टाळत आले होते. नेमका तेव्हाच तिचा कॉल आला. मी मोबाइल घेऊन अंगणातल्या दगडावर बसले. गजानन तिथंच होता, डोक्याचे केस काढलेला, भुईकडं बघत बसलेला.

"ती कुठं आहे?" मुलेंगानं विचारलं.

मी सगळं सांगितलं. ती गेली ते. मग बरड, खड्डा, तीन श्रावण मी सांगितलेलं खोटं. मी म्हटलं, मला माफ कर.

मुलेंगानं डोक्याचं फडकं सोडून हातात घेतलं. मग म्हणाली, "मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तिनं मला एकही अळिंबी दाखवली नाही. जिच्या टोपलीत अळिंबी असते ती बाई आधी टोपली दाखवते, मग बोलते."

"मग तू दरवर्षी का विचारत होतीस?"

"तिला सांगायला आवडायचं," मुलेंगा म्हणाली. "तुमच्याकडं तिला दुसरं कोण विचारत होतं?"

तिच्या मागं बायकांचा आवाज यायला लागला. तिनं त्यांना सांगितलं असावं. एक रडायला लागली, मग दुसरी, मग त्या सगळ्या उंच सुरात रडायला लागल्या. मोबाइलच्या लहानशा छिद्रातून तो आवाज आमच्या अंगणात आला, तशा भांडी घासणाऱ्या बायका थांबल्या.

गजाननानं मान वर केली. "कोन रडून राह्यलं?"

"तिकडच्या बाया. मायसाठी."

तो उठून माझ्यासमोर उकिडवा बसला. मोबाइलवरच्या त्या अनोळखी बाईकडं त्यानं एकदा पाहिलं, आणि थेट तिच्याशीच वऱ्हाडीत बोलायला लागला. "मुरूम म्याच वाह्यला. थोरली मोडली तवा मी गाडीतच बसून होतो. मायले मी कवा सांगितलं नाई, आन तिनं कवा इचारलं नाई." मग मला म्हणाला, "सांग तिले. जसं हाये तसं सांग."

मी सांगितलं. जसं होतं तसं.

मुलेंगानं पदरासारखं ते रंगीत फडकं डोळ्यांना लावलं. पलीकडचं रडणं चालूच होतं. ती त्यातून मोठ्यानं म्हणाली, "तो समोर आहे का?"

"हो."

"त्याला विचार, तो जेवला का."

मी गजाननकडं पाहिलं. तो माझ्या तोंडाकडं बघत होता, काय शिक्षा येते त्याची वाट बघत असल्यासारखा.

"ते इचारून राह्यली," मी म्हटलं, "तू जेवला का?"

त्यानं मान हलवली, नाही म्हणून. आणि मग इतके दिवस कोरडा राहिलेला तो माणूस दोन्ही हातांत तोंड धरून, लहान पोरासारखा, मोठ्यानं रडायला लागला.